दोन तंबाखूचा उतार

जावयाचा फोन आला तेव्हा मी सायकलच्या साखळीला तेल घालत होतो.

"मामा, परवापासून द्राक्षाचा तोडा धरलाय. या. आन् जाताना हिला संगं घेऊन जा, मामीच्या वर्सराद्धाला. मला टेम्पो भरल्याबिगर हलता यायचं न्हाई."

मी हो म्हणालो. फोन ठेवला आणि तिथंच बसून राहिलो. तेल साखळीवर पडायचं ते मातीत पडत होतं, ते सुद्धा मला कळलं नाही.

वर्षभर मी लेकीच्या गावाला गेलो नव्हतो. गुडघा दुखतो म्हणून सांगत होतो. गुडघ्याला काही झालेलं नाही. मला दोन गोष्टींचं भ्याव होतं. एक त्या रस्त्यावरचा उतार आणि दुसरं लेकीचं तोंड. त्या उतारावर माझी बायको सायकलवरून पडली आणि तिसऱ्या दिवशी गेली. ती पडली हे सगळ्यांना माहीत आहे. ती पडल्यावर मी काय करत होतो ते कोणाला माहीत नाही. मी लेकीला खोटं सांगितलं होतं. मला एकच लेक. तिला खरं कळलं आणि तिनं दार लावून घेतलं तर मला दुसरं दार नाही.

आमचं गाव चारठाण्याच्या अलीकडं, सपाटीला. लेकीचं गाव वर डोंगरात. मधे सरकारी जंगल. साग, पळस, सालई, आणि खाली सगळा काटा. फाट्यापासून वर डांबर नाही. मागच्या साली रस्त्यावर खडी ओतली, फावड्यानं पांगवली, आणि रोलर यायचा तो आलाच नाही. सुट्टी खडी. सायकलचं चाक त्याच्यावर गेलं की हरभऱ्याच्या ढिगात पाय घातल्यासारखं सरकतं. पायी माणूससुद्धा कडेच्या मुरमावरून चालतो.

जावयानं वर माळावर ज्वारी मोडून द्राक्षं लावली. खायची नाहीत, वाईनची. काळी, बारकी, जाड सालीची. कारखान्याचा टेम्पो येऊन घेऊन जातो. पहिल्या तोड्याला आम्ही दोघं गेलो तेव्हा बायकोनं एक मणी तोंडात टाकला आणि लगेच थुंकला.

"जावईबापू, ह्याच्यापरीस बोरं बरी. हे पेणाऱ्याला घरी कोणी ज्येवायला घालीत न्हाई का?"

जावई हसला. पण दर तोड्याला ती यायचीच. माझ्या मागं कॅरिअरवर बसून.

ती सायकलवर कशी बसायची ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी सायकल चालू करायचो. ती मागून दोन पावलं पळायची आणि एका अंगानं बसायची. कॅरिअरवर पोत्याची घडी ट्यूबच्या पट्टीनं बांधलेली होती. ती बसली की सीटखालची स्प्रिंग करकर वाजायची. तेवढ्यावरून मला कळायचं, बसली. मागं बघायची गरज नव्हती. चाळीस वर्षं असंच चाललं.

डोंगराच्या वाटेची गोष्ट वेगळी. लेकीचं लग्न झालं त्या वर्षी आम्ही पहिल्यांदा तो उतार उतरत होतो. ती मागून म्हणाली, "थांबवा, मी चालत येते." मी म्हणालो, "बस गप." ती म्हणाली, "तुमचा ब्रेक तुमच्या तोंडासारखा हाय. लागला तर लागला." भांडण झालं. मी थांबवली नाही.

पुढच्या खेपेला ती काही बोललीच नाही. उताराच्या तोंडाशी सायकल जरा हळू झाली की गप उडी मारून उतरली. मी एकटाच बडबडत खाली आलो. उताराच्या बुडाला मोहाचं झाड आहे. तिथं पाय टेकून मागं वळून बघतो तर कोणी नाही. वरून ही पदर खोचून हसत चालत येत होती.

तेव्हापासून तीच रीत पडली. उतार आला की मागचं ओझं जायचं, सायकल हलकी व्हायची, हँडल जरा वर उचलल्यासारखं वाटायचं. मी खाली येऊन मोहाखाली सायकल लावायचो. तंबाखू मळायची, दाढेला धरायची. ती चघळून थुंकेपर्यंत बायको खाली यायची. त्या उताराचं आमचं माप तेच. एक तंबाखू.

मागच्या वर्षी तोडा संपवून आम्ही निघालो. तिच्या मांडीवर पिशवी होती. लेकीनं कुठून तरी खायची हिरवी द्राक्षं आणून ठेवली होती, ती घरी न्यायची म्हणून. खडी नवी होती. उतार लागायच्या थोडं अलीकडं चाक एका मोठ्या दगडावर चढलं, सायकल उडाली, आणि मागचं ओझं गेलं.

मला वाटलं उतरली. जागा रोजची नव्हती, पन्नास-साठ पावलं अलीकडं होती, हे मला तेव्हाच कळलं होतं. हे मी आज लिहून टाकतो. मला कळलं होतं. पण मी म्हणालो, खडीला भ्याली असंल. मागं बघितलं नाही. कशाला बघायचं, कधीच बघत नव्हतो. दोन्ही ब्रेक धरून खाली आलो.

मोहाखाली बसलो. तंबाखू मळली, खाल्ली, थुंकलो. ती आली नाही. वाटलं बाईमाणूस आहे, कडेला बसली असंल. हाक मारली तर लाजंल. दुसरी मळली. तीही थुंकून झाली. मग मला राग आला. राग आला, भ्याव नाही. मोठ्यानं ओरडलो, "ये, रहायला गेलीस का काय वर?"

पाखरंसुद्धा ओरडायची थांबली. मग मी चढायला लागलो.

ती खडीवर कुशीवर पडलेली होती. पिशवी फाटून हिरवे मणी दगडात गेले होते आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. मुंग्या लागायला वेळ लागतो. तिचे डोळे उघडे होते. मला बघून ती म्हणाली, "झाली का तंबाखू?"

तेवढंच. त्यानंतर माझ्याशी ती बोलली नाही. वरून एक ट्रॅक्टर आला, त्यात घालून खाली आणली. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "कधी पडल्या?" मी म्हणालो, "आत्ताच पडली साहेब, आत्ताच उचलली." डॉक्टर म्हणाला, "लगेच उचललं हे बरं केलं. डोक्याच्या माराला पहिला अर्धा तास लय मोलाचा असतो." निरोप मिळताच आलेली लेक माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा हात धरला.

त्या दिवसापासून मी तंबाखूला हात लावला नाही. लोक म्हणतात, बायकोच्या दुःखानं सोडली. डबी मात्र बंडीच्या खिशात तशीच राहिली. का ठेवली ते मला सांगता येत नाही.

तर या वर्षी मी निघालो. जीपनं जाता आलं असतं. पण जीपनं गेलो असतो तर डोळे मिटून गेलो असतो.

फाट्यावर चहावाल्यानं सायकलकडं बघितलं. "काका, ह्याच्यावर वर जायलाव? बिबट्या फिरायलाय. परवा एकाची शेळी दिवसा उचलली."

"माझ्यात काय हाय खायला?"

"त्याला काय मालूम? त्यो काय चिमटा घेऊन बघणार हाय का?"

मी हसलो, पण जंगल सुरू झालं तशी घंटी वाजवायला सुरुवात केली. चढाला सायकल ढकलत, एक हात घंटीवर. पानगळ झालेली होती. सागाची वाळकी पानं एवढाली, एक पान पडलं तरी कोणी पाय टाकल्यासारखं वाजतं. मी थांबलो की आवाज थांबायचा. चाललो की पुन्हा. एकदा उजव्या हाताला काटा जोरात हलला आणि मी घंटी वाजवायचं विसरलो. रोही होता. नीलगायीचा मोठा नर. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि निघून गेला. मी मात्र सायकलला धरून कितीतरी वेळ उभा. माणूस म्हातारा झाला की मरणाचं भ्याव जातं असं म्हणतात. म्हणणारे म्हातारे नसतात.

मोहाचं झाड आलं. मी तिकडं बघितलं नाही. उतार चढलो. ती पडली होती ती जागा मला ठाऊक होती, डोळे बांधले तरी सापडली असती. वाटलं होतं तिथं काहीतरी दिसंल. काही नव्हतं. खडी होती. मी दुसऱ्या कडेनं गेलो, पायताण काढून. का काढलं कोण जाणे. तळपाय सोलून निघाले.

दोन दिवस तोडा चालला. कात्रीनं घड कापायचा, कॅरेटमधे ठेवायचा, मधेच सडका मणी असला तर काढायचा. त्या काळ्या द्राक्षाच्या रसानं बोटं निळीजांभळी होतात आणि दोन दोन दिवस धुऊन जात नाहीत. वेलाच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला लेक. मधे पानं. तिचे नुसते हात दिसायचे. तिच्या आईसारखे हात आहेत, अंगठा बाहेर वळलेला.

"आबा."

"काय गं."

"आई पडली तवा काही म्हणली का वो?"

माझी कात्री थांबली. पानांच्या आड तिचे हातही थांबले होते.

"न्हाई."

"काहीच न्हाई?"

"लय लागलं हुतं तिला. काय बोलणार?"

"तुमी लगीच गेलाव म्हणून म्हणलं. डोळे उघडे हुते म्हणलाव तुमी."

"घड काप. टेम्पो यील."

तिनं कापायला सुरुवात केली. मी पण. पण कात्री देठाला नीट लागेना. अर्धवट देठ तुटून घड खाली पडायला लागले. पलीकडून ती म्हणाली, "आबा, बसा जरा. उन्हानं व्हायलंय." मी बसलो. उन्हानं काही होत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की उद्या ही माझ्या मागं बसणार आणि आपण त्या जागेवरून जाणार. त्या रात्री मी मनात घोळवून ठेवलं, उतार यायच्या लय अलीकडं आपणच उतरायचं आणि गुडघ्याचं नाव सांगून दोघांनी चालत जायचं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जावयानं तिची पिशवी हँडलला अडकवली.

"मामा, झेपंल ना? न्हाई तर थांबा, दुपारी टेम्पोत बसवतो दोघाला."

"आबाला झेपतं," लेक म्हणाली. "मी काय पोतं हाय का?"

मी सायकल चालू केली. ती दोन पावलं पळाली आणि बसली. स्प्रिंग वाजली.

माळावर ठीक चाललं होतं. वाट मऊ मुरमाची, दोन्हीकडं द्राक्षाचे मांडव, कोणाचे तोडा झालेले, कोणाचे भरलेले. ती मागून बोलत होती. सासूचं, शेजारणीचं, म्हशीचं. मी हां हां करत होतो आणि मनात रस्ता मोजत होतो. जंगल लागलं. खडी लागली. ती बोलायची थांबली. आता उतरू, त्या पुढच्या झाडाशी उतरू, असं मी म्हणतोय, आणि मागचं ओझं गेलं.

तीच जागा. पाच-दहा पावलं इकडंतिकडं.

मी काय केलं ते मला धड आठवत नाही. दोन्ही ब्रेक दाबले आणि त्याच वेळी मागं वळलो. खडीवर पुढचं चाक गेलं. मी डाव्या अंगावर पडलो आणि सायकल माझ्यावर. तोंडातून काय आवाज निघाला तो मला माहीत नाही. लेक पुढं म्हणाली, जनावर ओरडल्यासारखा होता.

ती पळत आली. धडधाकट. पदर खोचलेला.

"आबा. आबा, मी उतरले हुते. आईनं सांगितलं हुतं मला, उतार आला की गप उतरायचं. सांगून उतरलं की तुझा बाप भांडतो." तिनं सायकल बाजूला केली. "एवढं काय भ्यालाव?"

माझा तळहात सोलला होता. बारकी खडी आत रुतली होती. ती खाली बसली आणि एक एक खडा नखानं काढायला लागली. मी तिच्या डोक्याकडं बघत सगळं सांगितलं. मागचं ओझं गेलं ते. जागा अलीकडची होती हे कळलं होतं ते. मोहाखाली बसलो ते. मुंग्यांचं सांगितलं. आईचं बोलणं सांगितलं. डॉक्टरला खोटं बोललो ते तिनं ऐकलेलंच होतं, पण ते खोटं होतं हे सांगितलं.

तिचं नख थांबलं नाही. खडे काढून झाले. मग तिनं विचारलं, "किती येळ?"

"दोन तंबाखू."

ती उठली. सायकल उचलली, हँडल सरळ केलं आणि ढकलत उताराला लागली. माझ्याकडं बघितलं नाही. मी मागं मागं चाललो. तिची पाठ बघत. एवढं भ्याव मला रोह्याचंही वाटलं नव्हतं, बिबट्या समोर आला असता तरी वाटलं नसतं. खाली गेल्यावर ती सायकल माझ्या हातात देईल आणि फाट्याकडं चालायला लागेल, असं वाटलं. मी हाक मारली असती तर ती थांबली नसती.

मोहाखाली तिनं सायकल झाडाला टेकवली.

"डबी हाय का तुमच्याकडं?"

"हाय."

"मळा."

"सोडलीय मी."

"मळा म्हणते ना. मला बघू द्या किती येळ लागतो."

डबी उघडली. तंबाखूचा भुगा झाला होता, चुना दगडासारखा. बाटलीतलं पाणी टाकून अंगठ्यानं ओला केला. चुना सोललेल्या तळहातात गेला तशी आग उसळली, पण मी हात झटकला नाही. मळली. ती उताराकडं तोंड करून उभी होती.

"आता धरा दाढेला. तवा धरली हुती का न्हाई?"

धरली. वर्षानं धरली. डोकं गरगरायला लागलं. मोहाची फुलं पडायचा मोसम होता, एखादं टपकन पडायचं. ती वर बघत उभी. एक ट्रॅक्टर खडखडत वर गेला, ड्रायव्हरनं विचारलं, "काय झालं, पंक्चर का?" ती म्हणाली, "न्हाई. बसलोत." तो गेला. मी थुंकलो.

"दुसरी."

"पोरी, बास कर."

"दुसरी मळा, आबा."

दुसरी मळली. ती उभी होती तशीच. ऊन तिच्या डोक्यावर आलं, तिनं पदर घेतला नाही. मधेच तिनं एकदा ओठ हलवले, काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मी थुंकलो तेव्हा तिनं मोठा श्वास सोडला आणि झाडाच्या बुडाशी बसली. गुडघ्यात तोंड घातलं. मी जवळ गेलो नाही. जायची हिंमत नव्हती.

बऱ्याच वेळानं ती तोंड पुसून उठली.

"लय येळ हाय वो ह्यो, आबा."

"हां."

"लय येळ हाय."

तिनं माझ्या हातातून डबी घेतली, झाकण लावलं आणि तिच्या पिशवीत टाकली. परत दिली नाही, अजूनही दिलेली नाही. मग तिनं फडक्याची पट्टी फाडून माझा तळहात बांधला, जरा जास्तच घट्ट.

मी तिला म्हणालो, "फाट्यावर जीप मिळंल. तू जीपनं जा. मी येतो मागून."

"का? सायकलला काय झालं?"

"मला भ्याव वाटतं तुला बसवायचं."

"मंग मी काय करू? जल्मभर चालू का?"

मी सायकल चालू केली. हात दुखत होता, हँडल धड धरता येत नव्हतं. ती दोन पावलं पळाली आणि बसली. फाट्यापर्यंत खडीच होती. पहिला दगड चाकाखाली आला, सायकल उडाली, आणि मागून ती म्हणाली, "हाय."

मी पुढं बघत राहिलो. परत एक दगड. "हाय." तिचा आवाज कोरडा होता. माया नव्हती त्यात. शाळेत हजेरीला उभं राहतात तसा. पण प्रत्येक धक्क्याला ती म्हणत होती. दुसरं काहीच बोलत नव्हती. सासूचं नाही, म्हशीचं नाही.

फाट्याच्या थोडं अलीकडं एक खड्डा आला. चाक दाणकन आदळलं. मागून आवाज आला नाही.

मी ब्रेक दाबला आणि दोन्ही पाय खाली टेकले. मान वळवायची ताकद नव्हती. हात मागं नेला. हाताला तिचा दंड लागला.

"हाय ना," ती म्हणाली. "चप्पल निसटायली हुती, ती धरायले. चला."

मी लगेच चाललो नाही. तिचा दंड धरून थोडा वेळ तसाच उभा राहिलो, मग सोडला.